बाईंच्या कीबोर्डमधला ठोक्या

आपल्या बायकोचा कीबोर्ड दुसऱ्या कोणीतरी उघडला आहे, हे ज्या दिवशी उस्तादांना कळलं, त्या दिवशी त्यांनी जेवणावर राग काढला. ताटावर बसून नुसते चिवडत राहिले आणि "भूक नाही मला" असं भिंतीकडे बघत, पण ऐकू जाईल अशा बेताने, दोनदा म्हणाले. बाईंनी दोन्ही वेळा "का हो?" म्हटलं नाही. शांतपणे स्वतःचं जेवण संपवलं आणि ताट उचलून नेलं. त्याचा राग आणखी वेगळा.

उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते राहायचे त्याच इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दार उघडलं की अर्धं दुकान आत आणि अर्धं रस्त्यावर. तिथे बसून त्यांनी पंचवीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. मग टाइपरायटर गेले. दोन वर्षं उस्ताद रिकाम्या टेबलावर फडकं मारत बसले. एक दिवस एक गिऱ्हाईक कसलासा जाडजूड कीबोर्ड घेऊन आलं. नेहमीचा पातळ रबरी नव्हे. प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, त्यात स्प्रिंग, आणि दाबलं की खडखड. उस्तादांनी तो उघडला, आतल्या स्प्रिंगा बघितल्या, आणि बऱ्याच वर्षांनी कोणी घरचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला. तेव्हापासून ते ज्याला जसा हवा तसा कीबोर्ड बांधून देऊ लागले. लोक लांबून यायचे, कारण उस्ताद कीबोर्ड कानाने तपासायचे. टेबलाला कान टेकवायचा, एकेक बटण दाबायचं आणि सांगायचं, "हा कोरडा आहे. ह्याला ग्रीस जास्त झालंय. ह्याची स्प्रिंग वाकली." उघडून बघावं तर अगदी तसंच. यावरून कोणीतरी त्यांना उस्ताद म्हटलं, आणि त्यांनी नको म्हणण्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

बाई म्हणजे त्यांची बायको. सगळा मोहल्ला तिला टायपिंगवाल्या बाई म्हणायचा, म्हणून आपणही बाईच म्हणू. कचेरीत तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरात टेबल मांडून बसल्या. लोक हाताने लिहिलेले कागद आणून द्यायचे आणि बाई त्यांची स्वच्छ प्रत करून द्यायच्या. दोघांची ओळखच मुळी कचेरीतल्या बंद पडलेल्या मशीनवर झाली होती. मशीन एका तासात दुरुस्त होण्यासारखं होतं. उस्तादांनी त्याला चार दिवस लावले आणि पाचव्या दिवशी लग्नाचं विचारलं. तेव्हापासून बाईंच्या हाताखालच्या एकाही यंत्राला उस्तादांखेरीज कोणाचा पेचकस लागला नव्हता. कोणी लिहून दिलं नव्हतं, पण उस्तादांच्या लेखी हे लग्नाचं कलमच होतं.

लग्नाला तीस वर्षं झाली त्या दिवशी उस्तादांनी बाईंना आपल्या हातचा कीबोर्ड दिला. चार महिने खपले होते त्यावर. जुन्या कपाटाच्या फळीची पेटी केली. बाईंची बोटं हल्ली दुखायची, म्हणून सगळ्यात हलके, लोण्यासारखे खाली जाणारे स्विच निवडले. कुठे अडकणं नाही, कुठे टक्कन लागणं नाही. सत्त्याऐंशी स्विच एकेक करून उघडले, बारीक ब्रशने ग्रीस लावलं, पेटीच्या तळाशी फोम कापून बसवला. सगळी मेहनत आवाजासाठी. तो आवाज झालाही तसाच, पिकलेलं फळ गवतावर पडावं इतका मऊ आणि भरलेला. उस्ताद आयुष्यात स्वतःच्या कामावर खूश झाले असतील तर त्या एकदा. मग रोज संध्याकाळी दुकानातून आले की चपला काढायच्या आत बाईंच्या टेबलासमोर उभे राहायचे. "कसा आहे आवाज?"

"छान," बाई म्हणायच्या.

वर्षभर रोज हा एक प्रश्न आणि हे एक उत्तर. उस्तादांना त्याचा कधी कंटाळा आला नाही.

आणि मग ती संध्याकाळ. उस्ताद जिना चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच त्यांचे कान टवकारले. घरातून आवाज येत होता, ठक, ठक, ठक-ठक. एखादा छोटा हातोडा कोणीतरी घड्याळ लावून चालवावा तसा. त्यांना वाटलं, बाईंनी माळ्यावरून जुना टाइपरायटर काढला. दारात येऊन बघतात तर बाई त्याच कीबोर्डवर झपाझप टायपिंग करताहेत, चेहऱ्यावर हसू, आणि प्रत्येक बटणागणिक पेटीच्या पोटातून ठक.

"हे काय आहे?" उस्तादांनी दारातून विचारलं. उत्तर नाही. हे आता नेहमीचंच झालं होतं. पहिल्या हाकेला बाई ओ देत नसत. उस्ताद तरातरा समोर जाऊन उभे राहिले. "मी विचारतोय, हे काय आहे?"

बाई दचकल्या. मग कीबोर्डवर हात ठेवून म्हणाल्या, "स्पीकरवाल्यांनी बसवून दिलंय. ठोक्या म्हणतात ते त्याला. बरं वाटतं हो हाताला."

"स्पीकरवाल्यांनी!"

"हं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

बाईंनी नजर कागदांकडे वळवली. "तुमच्या दुकानात गर्दी असते," त्या म्हणाल्या. उस्तादांच्या दुकानात एका वेळी दुसरा माणूस उभा राहायला जागा नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

आता हा स्पीकरवाला. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. सभांना, शर्यतींना स्पीकर भाड्याने द्यायचे आणि उरलेल्या वेळात लोकांचे बिघडलेले अॅम्प्लिफायर नीट करायचे, हा त्याचा धंदा. उभा जन्म स्पीकरच्या तोंडाशी काढल्यामुळे त्याचे स्वतःचे कान अर्धे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. "बसा" म्हणाला तरी समोरचा उठून उभा राहायचा. तोंड एवढं उघडून बोलायचा की आतले दात मोजून घ्यावेत. राहायला एकटा, मिशा भरघोस, आणि उस्तादांच्या मते अक्कल बेताची. कीबोर्डमधलं त्याला काय कळतं? काम म्हटलं की भसाभसा सोल्डर ओतणारा माणूस! असं उस्ताद स्वतःला रोज सांगू लागले. रोज सांगावं लागत होतं, यावरून काय ते समजावं.

कारण ठोक्या चांगला होता. उस्तादांच्या पोटात खरं दुखत होतं ते तिथे. पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या त्यांनी ऐकलं होतं. बटण अर्ध्यापर्यंत गेलं की नेमका ठोका. ना आधी, ना नंतर. दोन अक्षरं जोडीने आली तरी ठोके एकमेकांवर चढत नव्हते. आपल्या आवाजाची वाट लागली म्हणून रडावं, तर त्या कामाला नाव ठेवायला जागा सापडत नव्हती. उस्तादांनी कूस बदलली आणि उशी डोक्यावर घेतली.

पुढच्या आठवड्यात ते मुद्दाम वाट वाकडी करून स्पीकरवाल्याच्या दुकानावरून गेले. सहजच, असं स्वतःला म्हणाले. आत बाई स्टुलावर बसल्या होत्या. स्पीकरवाला हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. कशा बघत होत्या म्हणून सांगावं! पापणी न हलवता, मान किंचित पुढे काढून, त्याचा एकही शब्द सांडू नये अशा. मधेच हसल्या. मधेच मान डोलावली. उस्ताद रस्त्याच्या पलीकडे एका खांबाआड उभे राहिले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. बासष्टाव्या वर्षी माणसाने खांबाआड उभं राहावं, हेही त्यांना शोभत नव्हतं, पण पाय हलेनात.

माझ्याकडे ही अशी कधी बघत होती? उस्ताद आठवू लागले. लग्नाआधी ते चार दिवस बघितलं असेल. हल्ली घरात त्या कागदाकडे बघायच्या, शेगडीकडे बघायच्या, खिडकीबाहेर बघायच्या. आपण बोलत असावं आणि त्यांनी पाठ फिरवून निघून जावं, असं तर कितीदा झालं होतं. इथे मात्र एका मिशाळ माणसाच्या ओरडण्यावर जीव ओवाळून टाकताहेत! त्या संध्याकाळी उस्तादांनी नवा शर्ट घेतला, न्हाव्याकडून कल्ले नीट करून घेतले आणि टेबलासमोर उभे राहिले. बाईंनी वर बघितलं आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "छान." त्यांनी अजून आवाजाचं विचारलंच नव्हतं.

हेही कदाचित पचलं असतं. पण दोन दिवसांनी एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं आणि म्हणालं, "उस्ताद, बाईंच्या कीबोर्डमध्ये ते ठकठक वाजतं ना, तसलं मलाही बसवून द्या की."

"ते माझं काम नाही."

"अरेच्चा! मला वाटलं तुमचंच. म्हटलं, उस्तादांखेरीज एवढं नेमकं कोण करणार?"

गिऱ्हाईक गेलं. उस्तादांनी हातातला स्विच उलटा बसवला, काढला, पुन्हा उलटाच बसवला.

योग असा की त्याच सुमारास स्पीकरवाला कुठल्याशा क्रीडास्पर्धेसाठी आपले स्पीकर घेऊन आठ दिवस परगावी गेला. दुकानाला कुलूप. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई टाइप झालेले कागद पोचवायला प्राध्यापकांकडे गेल्या. हे प्राध्यापक अठरा वर्षं झाडापानांचा एक भलामोठा कोश लिहीत होते. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःला आणि बाईंना सोडून जगात कोणाला लागत नव्हतं. शेवटची दोनशे पानं राहिली होती आणि ती महिनाअखेर छापखान्यात जायची होती. बाई बाहेर पडल्याचं उस्तादांनी दुकानातून बघितलं, फळी लावली आणि घर गाठलं.

पेटीचे दोन स्क्रू त्यांनी स्वतःच स्पेसबारखाली लपवले होते. स्पेसबार उचकटला, त्याखालची तार सोडवली, स्क्रू काढले, पेटी उघडली. आत अंगठ्याएवढं तारेचं वेटोळं, त्याच्या पोटात लोखंडी कांडी. वीज आली की कांडी पुढे झेपावायची आणि पितळी ठोकळ्यावर आदळायची. शेजारी टिकलीएवढं सर्किट, तांबडी-काळी वायर, मधे पांढरा छोटा जोड. सोल्डरचा प्रत्येक थेंब गुळगुळीत. वेटोळ्याखाली रबराचा तुकडा, म्हणजे हादरा तळाच्या लाकडात न जाता बटणांच्या पट्टीत जावा. जागा करायला उस्तादांचा फोम काडेपेटीएवढा कापला होता, आणि तो कापलेला तुकडा फेकून न देता बाजूला चिकटपट्टीने नीट लावून ठेवला होता. पुढेमागे पूर्ववत करायचं झालं तर असावा म्हणून.

हे बघून तरी माणसाने पेटी बंद करावी. पण मत्सराला असल्या गोष्टींनी उलट जास्तच धार येते.

यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचा एक जुना रिवाज असतो. जो यंत्र उघडतो, त्याने आत कुठेतरी आपली खूण आणि तारीख कोरायची. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, आपल्याआधी इथे कोणाचा हात फिरलाय. तळाच्या पत्र्यावर उस्तादांची खूण होती, गोल आणि मधे ठिपका. तिच्याखाली, थोडी जागा सोडून, लहान अक्षरात स्पीकरवाल्याची, तारखेसकट. मान ठेवून कोरलेली. उस्तादांनी तो पांढरा जोड चिमटीत धरला आणि ओढून वेगळा केला. तोडलं काही नाही, त्यांनी मनाशी म्हटलं, नुसतं सोडवून ठेवलं. आता येईल माझ्याकडे. म्हणेल, अहो, बघा ना काय झालं. मग बघू.

आणि जन्मात पहिल्यांदा यंत्र उघडून त्यांनी आपली खूण कोरली नाही. जिन्यावर पावलं वाजल्यासारखी वाटली. घाईघाईने पेटी मिटली, स्क्रू पिळले, स्पेसबार दाबून बसवला आणि ते दुकानात पळाले.

संध्याकाळी ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. बाई टेबलाशी आल्या, चार अक्षरं मारली आणि थांबल्या. कीबोर्ड उचलला, हलवला, पुन्हा ठेवला. एक बटण दाबून बराच वेळ बोट तिथेच ठेवलं. उस्ताद कागदाच्या कडेवरून बघत होते. आता बोलेल. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलंही. मग खुर्ची पुढे ओढली आणि ठोक्याशिवाय टायपिंग सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्पीकरवाल्याच्या कुलपापर्यंत जाऊन परत आल्या. त्या गल्लीत वळताना आणि तशाच परत येताना उस्तादांना दुकानातून दिसल्या. बरी जिरली, असं वाटलं. पण त्या आपल्याकडे वळल्या नाहीत, सरळ जिना चढून गेल्या, तेव्हा ते बरं वाटणं चहाच्या कपाएवढा वेळसुद्धा टिकलं नाही. माझ्याकडे यायचं नाही म्हणजे नाहीच! काय असं केलं मी हिचं?

तिसऱ्या दिवशी प्राध्यापक धापा टाकत स्वतः जिना चढून आले. हातात कागद. "बाई, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी पानं टेबलावर मांडली. कुठे अक्षर गळलेलं, कुठे तेच अक्षर तीनदा, कुठे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले. एका पानावर सतरा चुका. बाईंच्या कागदावर सतरा चुका वर्षभरात होत नसत.

"पुन्हा करून देते," बाई म्हणाल्या.

"तसं नाही, पण छापखान्यातला माणूस म्हणतो, राहिलेलं त्याच्याकडे द्या. अक्षर लागणार नाही त्याला, मला शेजारी बसावं लागेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." सज्जन गृहस्थ, एवढं बोलायलाच त्यांना घाम आला होता. शेवटी चार दिवसांची मुदत ठरली.

ते गेल्यावर बाई आपली बोटं समोर धरून बघत राहिल्या, दुकानात नवी वस्तू उलटसुलट करून बघावी तशा. "हे एवढं झालं की मी बंद करणार टायपिंग," त्या म्हणाल्या. "बोटं गेली माझी."

उस्तादांना हवा होता तसा बदला मिळाला होता, आणि तो तोंडात कडू लागत होता. तेवढ्यावर उठून ते जोड जोडू शकले असते. पण माणूस एकदा जळायला लागला की त्याला स्वतःचं घर दिसत नाही. बाई पाठमोऱ्या होत्या. "मग दाखव की तुझ्या स्पीकरवाल्याला," उस्ताद म्हणाले. बाईंनी मान वळवली नाही. उत्तर द्यायच्यासुद्धा लायकीचे नाही आपण, असं वाटून ते रात्रभर छताकडे बघत पडले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. उस्ताद सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि जागीच थांबले. घरात खडखडाट चालला होता. खिळ्यांचा डबा कोणी जिन्यावरून सोडावा तसा. ऐकता ऐकता त्यांना कळलं की तो स्पेसबारचा आहे. त्या दिवशी घाईत त्यांनी स्पेसबारखालची तार खोबणीत नीट बसवली नव्हती, ती आता पुरती सुटली होती. ती सुटी तार प्रत्येक शब्दानंतर आत थयथयत होती. उस्तादांच्या हातून अशी चूक शिकाऊ असतानासुद्धा झाली नव्हती. लाजेने त्यांचे कान तापले. गिऱ्हाइकाने असा कीबोर्ड आणला असता, तर त्यांनी आधी कानांवर हात ठेवले असते.

आणि बाई शांतपणे टायपिंग करत होत्या.

उस्ताद दारात उभे राहिले. शब्द, खडखड. शब्द, खडखड. बाईंच्या कपाळावर आठी नाही. कधीपासून चाललंय हे? हिला सहन कसं होतं? ते हळूहळू टेबलाच्या समोर गेले. बाईंनी वर बघितलं. काय विचारावं ते उस्तादांना सुचेना, म्हणून वर्षभर विचारत होते तेच तोंडातून आलं. "कसा आहे आवाज?"

"छान," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातचा आहे, छानच असणार." आणि स्पेसबार दाबला.

 ते खाली बसले, तिथेच, जमिनीवर. पहिल्या हाकेला न येणारी ओ, ताटावर न विचारलेलं "का हो?", बोलता बोलता फिरवलेली पाठ, न विचारताच आलेलं "छान". सगळं एका दमात त्यांच्या समोर येऊन उभं राहिलं.

"तुला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

बाईंचे हात कीबोर्डवरून खाली आले. त्यांनी खुर्ची उस्तादांकडे वळवली. मग म्हणाल्या, "डाव्या कानाला ओरडलेलं येतं थोडं. उजवा गेल्या वर्षीच गेला."

"गेल्या वर्षी? म्हणजे हा कीबोर्ड दिला तेव्हा..."

"तेव्हा गेलेलाच होता." बाई कसनुसं हसल्या. "चार महिने तुम्ही त्याला कानाशी धरून बसलेले बघत होते मी. लहान मूल आणल्यासारखा आणलात. समोर उभं राहून विचारलंत, कसा आहे आवाज? काय सांगणार होते?"

उस्तादांनी बसल्या जागेवरून हात लांबवून एक बटण दाबलं.

"स्विच इतके हलके की दाबलं गेलं की नाही ते बोटाला कळत नाही. आणि कानाला तर नाहीच. बघून बघून टाइप करायचे, डोळे दुखायचे. बदलून द्या म्हटलं असतं, तर तुम्ही का म्हणून विचारलं असतंत."

"आणि स्पीकरवाल्याला सांगितलंस ते?"

"सांगितलं नाही काही. तुमची इस्त्री घेऊन गेले होते त्यांच्याकडे, वायर बदलायला. त्यांच्याशी बोलताना सगळे कानावर हात ठेवतात ना? मी नाही ठेवला. तेवढ्यावरून ओळखलं त्यांनी. म्हणाले, वहिनी, कधीपासून? त्यांचे स्वतःचे तसेच गेले, त्यामुळे कळलं असेल." बाईंनी कीबोर्डच्या लाकडावरून हात फिरवला. "मग हा ठोक्या बसवून दिला, कानाला नाही तरी बोटाला हादरा कळतो. ओठ वाचायलाही त्यांनीच शिकवलं. समोरच्याच्या तोंडावरून नजर काढायची नाही म्हणाले. दमायला होतं फार. घरी आल्यावर नाही जमत दरवेळी."

पाच मिनिटं. त्या माणसाला पाच मिनिटं लागली. आणि सत्त्याऐंशी स्विचमधला एक कोरडा स्विच ऐकून ओळखणारे आपण, एका छपराखाली राहून वर्षभर! आतापर्यंत जे वाटत होतं तो नुसता पोरखेळ होता; स्पीकरवाल्याचा खरा हेवा उस्तादांना आत्ता वाटला.

"आण इकडे," ते म्हणाले आणि कीबोर्ड मांडीवर घेतला.

खिडकीच्या उजेडात त्यांनी पेटी उघडली. पांढरा जोड जोडला. तार खोबणीत बसवून दोनदा ओढून बघितली. मग सुई घेऊन तळाच्या पत्र्यावर, स्पीकरवाल्याच्या खुणेखाली, गोल आणि ठिपका कोरला. त्याच्यापुढे दोन तारखा घातल्या. एक आजची, एक तीन दिवसांपूर्वीची. स्पीकरवाले परत येतील, कधीतरी ही पेटी उघडतील, आणि वाचतील. वाचू देत. पेटी मिटून, स्क्रू पिळून त्यांनी कीबोर्ड बाईंसमोर ठेवला.

बाईंनी एक बटण दाबलं. ठक. त्यांनी डोळे मिटले आणि आणखी चार दाबली. मग प्राध्यापकांचा कागद पुढे ओढून एक अख्खी ओळ मारली, दुसरी मारली, डोळ्यांजवळ नेऊन तपासली. एकही चूक नव्हती. त्या दोन्ही हात तोंडावर ठेवून हसल्या.

"बोटं आहेत हो माझी!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, संपलं सगळं. काय झालं होतं त्याला?"

जोड सैल झाला होता. एवढंच म्हणायचं. होतात सैल, वायरींचे जोड. बाईंनी विश्वास ठेवला असता. यंत्राच्या बाबतीत उस्तादांचा शब्द त्यांनी तीस वर्षांत कधी पडू दिला नव्हता. ते उत्तर उस्तादांच्या जिभेवर तयार होऊन बसलं होतं. त्यांनी पेचकसावरचं नसलेलं ग्रीस फडक्याने पुसायला घेतलं.

"मीच काढला होता तो," ते मांडीवरच्या फडक्याला म्हणाले. "तू त्याच्याकडे बघायचीस. मला नाही बघवलं."

 उस्ताद वाट बघत राहिले. मग बाईंचा हात पुढे आला आणि त्यांच्या हातातलं फडकं त्यांनी काढून घेतलं.

"मान वर करून बोला," बाई म्हणाल्या. "असं खाली बघून बोललेलं मला कळत नाही."

उस्तादांनी मान वर केली. बाई किंचित पुढे झुकल्या होत्या. पापणी न हलवता त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, एकही शब्द सांडू नये अशा. खांबाआड उभे राहून उस्ताद ज्या नजरेसाठी जळले होते, ती आता सगळीच्या सगळी त्यांच्यावर होती. त्यांनी एकेक शब्द सुटा करून तेच वाक्य पुन्हा सांगायला सुरुवात केली.